जीनोम म्हणजे सातबाऱ्यातला सात, ट्रान्सक्रिप्टोम म्हणजे बारा

चोपड्याकडच्या आमच्या वावरात कपाशीचं हिरवं बोंड फोडलं की सरकी पोखरणारी गुलाबी अळी निघते. चार पावलांवरच्या कामगंध सापळ्यात तिच्याच जातीचे करडे पतंग अडकलेले असतात. रूप बघितलं तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध वाटत नाही. तरी अळीचा कोष होवो की पतंग, तिचा जीनोम तोच राहतो. बदलतो तो ट्रान्सक्रिप्टोम.

‘अमुक किडीचे जीन वाचले’ असं ऐकलं की यातलं नेमकं काय वाचलं, हे आधी विचारावं. सातबारा आपल्याकडे ज्याला त्याला कळतो, म्हणून तिथूनच सांगतो. सातवर जमीन किती नि कुणाची ते असतं, बारावर यंदा काय पेरलं ते. जीनोम हा सात: डीएनएची सगळी अक्षरं, चालू जीन आणि पडीक जीनसुद्धा. ट्रान्सक्रिप्टोम हा बारा: त्या घटकेला, त्या अवयवात जे जीन चालू होते त्यांच्या आरएनए नकला. बारावर यंदा कापूस नाही म्हणून वावरच गेलं, असं कुणी म्हणत नाही.

कीटकांच्या अभ्यासात मात्र ही गफलत सहज होते. फळमाशीत बायकॉइड नावाचा जीन आहे. त्याचा आरएनए आईच अंड्याच्या एका टोकाला ठेवते आणि त्या टोकाला डोकं घडतं. मोठ्या माशीच्या पायातून आरएनए काढून बायकॉइड शोधाल तर हाती काही लागणार नाही, पण जीन असतोच. पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यात तो खरोखरच नाही. तिथे डोकं दुसरेच जीन घडवतात. हे ठामपणे म्हणता येतं, कारण त्याचा जीनोम २००८ पासून सर्वांसाठी खुला आहे.

फळमाशीचा २००० साली आला, मधमाशीचा २००६ला, माव्याच्या एका जातीचा २०१०ला. २०११ साली पाच हजार कीटक व त्यांच्या भाऊबंदांचे जीनोम वाचण्याचा आय-फाइव्ह-के हा संकल्प सुरू झाला. एकदा नीट जुळवलेला जीनोम सगळ्यांना वर्षानुवर्षं पुरतो. पण एका टोळाच्या जीनोमात सुमारे ६५० कोटी अक्षरं निघाली, माणसाच्या दुपटीहून जास्त! म्हणून पुष्कळ प्रयोगशाळा आधी ट्रान्सक्रिप्टोम काढतात, आणि त्यात चूक काहीच नाही. उलट जीनोमात जीन कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, हे आरएनएवरूनच पक्कं होतं.

फक्त आरएनए फार नाजूक. अळी डबीत घालून दुपारभर उन्हात गाडीच्या डिकीत राहिली, तर डीएनए पुष्कळदा निघतो, आरएनएचा मात्र भुगा झालेला असतो. ती वावरातच बर्फात किंवा टिकवणाऱ्या द्रावणात घालावी. आणि डबीवर लिहावं: अळीची कितवी अवस्था, कुठला अवयव, बोंड किती दिवसांचं, किती वाजता काढली.