म्हाताऱ्या मांजराची मान का खाली जाते?

चौदा-पंधरा वर्षांचं मांजर एक दिवस हनुवटी छातीला टेकवून बसतं. वर बघायचं तर मान तशीच ठेवून नुसते डोळे वर करतं. चालतं ते पाय ताठ ठेवून, चार पावलांत बसकण मारतं. घरात निदान ठरलेलं असतं: लकवा मारला, मेंदू थकला, वय झालं. याच निदानामुळे बरी होऊ शकणारी मांजरं हातची जातात, म्हणून हा लेख.

घोडा, गाय, कुत्रा यांच्या मानेत डोकं तोलून धरणारा एक लवचीक अस्थिबंध असतो. मांजराला तो नसतो. त्याचं डोकं फक्त स्नायूंच्या बळावर उभं राहतं. त्यामुळे अंगभर अशक्तपणा आला की तो आधी मानेत दिसतो.

डॉक्टर पहिल्यांदा आजाराचं नाव शोधत नाहीत, जागा शोधतात. मांजर सावध आहे का? पोटाखाली हात देऊन उभं केलं आणि पंजा उलटा टेकवला, तर ते तो लगेच सरळ करतं का? डोकं एका बाजूला कलतं का, बुबुळं आपोआप हिसके देतात का? कललेलं डोकं आणि हलणारी बुबुळं कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे किंवा मेंदूच्या देठाकडे बोट दाखवतात. मान सरळ खाली, मांजर पूर्ण सावध आणि पंजा झटकन सरळ होत असेल, तर संशय स्नायूंवर जातो.

अशा म्हाताऱ्या मांजरात पहिला संशयित पोटॅशियम. जुनाट किडनीविकारात ते लघवीवाटे वाहून जातं. रक्तात साधारण ३.५ ते ५.५ मिलिमोल प्रतिलिटर हवं. ते ३ च्या खाली घसरलं की स्नायू ढिले पडतात. १९८० च्या दशकात हा आजार नीट ओळखला गेला, तेव्हा काही तयार खाद्यांतच पोटॅशियम अपुरं असल्याचं लक्षात आलं. सोबत रक्तदाबही मोजायलाच हवा. पोटॅशियम कमी आणि वरचा दाब १६० च्या वर, असं असेल तर मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीत गाठ असू शकते. वाढलेल्या दाबाने डोळ्याचा पडदा सुटून मांजर रातोरात आंधळंही होतं. ही तपासणी काही मिनिटांची आहे, तरी ती राहून जाते.

दुसरा संशयित आपल्या गोव्यातल्या स्वयंपाकघरात आहे. बाजारातून मासळी आली की साफ करताना डोकी, कल्ले, आतडी मांजरापुढे जातात. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) असतं, आणि आतड्यांत ते विशेष. थायमिनशिवाय मेंदूला साखरेतून ऊर्जा काढता येत नाही. मांजराची थायमिनची गरज कुत्र्याहून मोठी, साठा मात्र तुटपुंजा. आधी भूक जाते, मग डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोल जातो, मान खाली येते आणि शेवटी झटके. १९३० च्या दशकात अमेरिकेत कच्चे मासे खाणारे पाळीव कोल्हे असेच लुळे पडून मेले आणि त्यातून या विकराचा माग लागला. मासे शिजवले की हे विकर निकामी होतं.

म्हाताऱ्या मांजरात हे दोन्ही एकत्र येऊ शकतात, हे फारसं ध्यानात घेतलं जात नाही. दात गेलेले, भूक मंदावलेली, बाकी काही तोंडात घेत नाही म्हणून माणसं लाडाने कच्ची मासळीच देतात. त्यात किडनी अधू, लघवी जास्त; तिच्यातून पोटॅशियम जातं तसं पाण्यात विरघळणारं ब-१ सुद्धा. म्हणून जाणता डॉक्टर रक्त तपासायला घेतो आणि अहवालाची वाट न बघता थायमिनचं इंजेक्शन देतो. त्यात धोका कमी, आणि कमतरता तीच असेल तर बहुधा एक-दोन दिवसांत फरक दिसू लागतो. पोटॅशियम मात्र मोजूनच, शक्यतो तोंडावाटे. शिरेतून घाईने दिलं तर हृदय बंद पडू शकतं.

एमआरआय यानंतर. त्यासाठी पूर्ण भूल लागते आणि किडनी अधू असलेल्या जिवाला ती सोपी नाही. पण बाकी सगळं ठीक निघालं तर तो टाळू नये: वयस्क मांजरांच्या मेंदूत जास्त आढळणारी गाठ मेनिंजिओमा ही असते आणि पुष्कळदा ती शस्त्रक्रियेने काढता येते.

एक गोष्ट मात्र सगळ्याआधी. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाने रेबीज खूप आटोक्यात आला आहे, तरीही लस न घेतलेलं, बाहेर फिरणारं मांजर अचानक विचित्र वागू लागलं तर त्याला उघड्या हाताने धरू नका. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.