काष्ठ-द्रवीकरण, धातू-उत्प्रेरित

लाकूड, भुसा, ढलप्या यांपासून धातूंच्या किंवा त्यांच्या संयुगांच्या साहाय्याने द्रवरूप जैवइंधन मिळविण्याची प्रक्रिया. येथे धातू उत्प्रेरक (स्वतः न संपता विक्रियेचा वेग वाढविणारा पदार्थ) असतो, इंधनाचा घटक नव्हे. म्हणून या इंधनाला ‘धातुमिश्रित’ म्हणणे चुकीचे ठरते.

कोरड्या लाकडात वजनाने सुमारे ५० टक्के कार्बन, ६ टक्के हायड्रोजन आणि ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो. सारी अडचण या ऑक्सिजनची आहे. भुसा हवेविना सुमारे ५००° से. पर्यंत झटकन तापवून वाफा लगेच निवविल्या, तर काळपट तपकिरी, धुरकट वासाचे जैवतेल हाती येते. अनुकूल स्थितीत त्याचे प्रमाण लाकडाच्या वजनाच्या ७५ टक्क्यांपर्यंत जाते. मात्र त्यात १५ ते ३० टक्के पाणी असते, त्याचे पीएच मूल्य २ ते ३ (म्हणजे ते बरेच आम्लधर्मी) असते आणि उष्णतामूल्य खनिज तेलाच्या निम्म्याहून कमी भरते. साठवणीत ते घट्ट होत जाते. तेलात उतरलेला ऑक्सिजन काढण्यासाठी धातूंची गरज पडते ती येथे.

प्रक्रियेच्या उगमाबद्दल मतभेद संभवतो. लाकडाचे भंजक ऊर्ध्वपातन (हवेविना तापवून निघालेल्या वाफा निवविणे) जुनेच. रॉबर्ट बॉइल यांनी त्यातून मिळणाऱ्या काष्ठ-अल्कोहॉलाचे (मिथेनॉलाचे) वर्णन १६६१ मध्ये केले, पण त्यात धातूचा भाग नव्हता. १९२० नंतरच्या दशकातील फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेत (कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्या वायुमिश्रणापासून द्रव इंधन बनविण्याच्या पद्धतीत) लोह व कोबाल्ट होते, तरी त्यांचे कार्य वायूवर चाले. तो वायू कोळशाचा की लाकडाचा, याने फरक पडत नसे. हॅरिस, डियानी व ॲडकिन्स यांनी १९३८ मध्ये कॉपर क्रोमाइट (तांबे व क्रोमियम यांचे संयुग) वापरून लिग्निनाचे (लाकडाला कठीणपणा देणाऱ्या घटकाचे) हायड्रोजनीकरण, म्हणजे हायड्रोजनाशी संयोग, केले आणि त्यातून प्रोपिल-सायक्लोहेक्सेनॉल वर्गातील संयुगे मिळविली. त्यांचा हेतू लिग्निनाची संरचना उलगडण्याचा होता, इंधनाचा नव्हे. तरीही लाकडाच्या घटकावर धातूचे थेट कार्य येथे स्पष्ट दिसत असल्याने आरंभ याच सुमारास मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जैवतेलातील ऑक्सिजन काढण्यासाठी तेलशुद्धीकरणातील कोबाल्ट-मॉलिब्डेनम व निकेल-मॉलिब्डेनम सल्फाइडे वापरली गेली. खनिज तेलात गंधक मुळातच असल्याने ही उत्प्रेरके त्यात टिकतात. लाकडात गंधक जवळजवळ नसते, त्यामुळे ते बाहेरून पुरवावे लागते. स्वच्छ इंधनासाठी मुद्दाम गंधक घालावे लागणे ही या पद्धतीची खरी उणीव होय. रुथेनियम, पॅलॅडियम या धातूंना गंधक लागत नाही, पण ते महाग पडतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील पीटर फोर्ड यांच्या गटाने २०११ मध्ये वेगळी वाट दाखविली. तांबे मिसळलेले मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमाचे सच्छिद्र ऑक्साइड, लाकडाचा भुसा आणि मिथेनॉल एकाच बंद पात्रात ३००° से.च्या आसपास तापविले जातात. हायड्रोजन मिथेनॉलमधूनच सुटतो आणि कोळसा जवळपास उरत नाही. वापरलेल्या मिथेनॉलाचा काही भाग मात्र वायुरूपात जातो.

लाकडात मूळचे धातूही असतात. राखेतील पोटॅशियमामुळे ताप-विघटनात (भुसा हवेविना तापविताना) कोळसा व पाणी वाढते आणि तेल घटते. यासाठी काही प्रयोगांत भुसा आधी सौम्य आम्लाने धुऊन घेतात. सालीत राख जास्त असल्याने सोललेले लाकूड पसंत केले जाते.

भारतात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत लिग्निनाच्या उत्प्रेरकी विघटनावर संशोधन झाले आहे.