स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची हातसूज

स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्यावर, किंवा त्या भागावर किरणोपचार झाल्यावर, त्याच बाजूच्या हाताला येणारी दीर्घकाळ टिकणारी सूज. वैद्यकात तिला लसीकाशोफ किंवा लिंफेडिमा म्हणतात. ती काही महिन्यांत दिसू शकते, तशी पाच-दहा वर्षांनीही येऊ शकते. ती सहसा जिवावर बेतत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. गाठ गेली, केमो संपली, 'लाईट'ही (किरणोपचार) घेऊन झाले, आता थोडा हात सुजला तर काय एवढे, असे घरचे म्हणतात आणि पुष्कळदा ती बाईही म्हणते. जगभरातल्या कर्करोगाची आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात होतो आणि उशिरा कळतो. उशिरा कळला की काखेतल्या ग्रंथी जास्त काढाव्या लागतात, आणि पुढची कामाची सगळी वर्षे त्याच हाताने काढायची असतात. त्यामुळे हाताची निगा हा कर्करोगाच्या उपचाराचाच भाग धरायला हवा.

कारण : रक्तवाहिन्यांतून ऊतींत झिरपलेले पाणी, प्रथिने आणि पेशींचा कचरा लसीकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात सोडतात. हा द्रव म्हणजेच लसीका; हाताकडची बहुतेक लसीका काखेतून जाते. काखेत साधारण २० ते ३० ग्रंथी असतात; त्यांतल्या बऱ्याच काढल्या की उरलेल्या वाहिन्यांवर भार येतो. कित्येकींना त्या वाहिन्या जन्मभर पुरतात. काहींना पुरत नाहीत. प्रथिनांनी भरलेला द्रव साचून राहिला की तिथे दाह होतो, मेद आणि तंतू वाढतात. त्यामुळे सुरुवातीला बोटाने दाबल्यावर खळगा पडणारी मऊ सूज पुढे टणक होत जाते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही, कारण त्या पाणी काढतात आणि प्रथिने मागेच राहतात. विदर्भात हत्तीपाय परिचयाचा आहे. त्यातही लसीकावाहिन्याच निकामी होतात, पण तिथे कारण जंत असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या हातसुजेत जंत नसतात, त्यामुळे हत्तीरोगाच्या गोळ्यांनी ती उतरत नाही.

या सुजेचा इतिहास शस्त्रक्रियेच्याच इतिहासातून जातो. अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनासह छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. त्यानंतर येणाऱ्या हाताच्या सुजेवर १९२१ साली त्यांनीच लेख लिहिला. पुढची अनेक दशके तीच शस्त्रक्रिया चालू राहिली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचण्यांनी दाखवले की योग्य रुग्णांत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते; दोघांच्याही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन वाचू लागला, पण काख मोकळी व्हायला आणखी वेळ लागला. १९९०च्या दशकात सेंटिनल नोड तपासणी आली. रोग काखेत शिरताना ज्या ग्रंथींत आधी पोचतो, तेवढ्याच रंगद्रव्य किंवा किरणोत्सारी द्रव्य वापरून शोधायच्या आणि त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावायचा नाही, अशी ही पद्धत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार काख पूर्ण साफ केलेल्या स्त्रियांत दर पाचांपैकी एकीला हातसूज येते. फक्त सेंटिनल नोड काढलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के आहे. किरणोत्सारी द्रव्य आणि यंत्र सगळीकडे मिळत नाही, हे ओळखून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी काखेच्या खालच्या भागातल्या मोजक्या ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत अभ्यासली. आपल्यासारख्या देशाला या कामाचे मोल मोठे आहे.

पहिले काही आठवडे : शस्त्रक्रियेनंतर जखमेत साचणारा द्रव बाहेर यावा म्हणून एक-दोन नळ्या ठेवतात. बाटलीत किती जमले ते रोज लिहून ठेवायचे असते. चोवीस तासांत साधारण २० ते ३० मिलिलिटरच्या खाली आले की नळी काढतात. त्यानंतरही काखेत पाणी धरू शकते. ते सुईने काढता येते, आणि त्याला पुन्हा झालेली गाठ समजून घाबरण्याचे कारण नसते. दंडाच्या आतल्या बाजूला आणि काखेत बधिरपणा राहतो, कारण तिथून जाणारा त्वचेचा मज्जातंतू शस्त्रक्रियेत दुखावतो किंवा कापला जातो. हा बधिरपणा कमी होतो, पण काहींना कायम राहतो. काखेतले केस काढताना किंवा गरम पाणी घेताना तिथले भाजणे-कापणे कळत नाही, एवढे लक्षात ठेवावे. काही आठवड्यांतच काहींना काखेपासून कोपरापर्यंत ताणलेल्या दोरीसारखी शीर उठलेली दिसते आणि हात वर जात नाही. ती बहुधा काही महिन्यांत ताणण्याच्या व्यायामाने विरते.

दुखते म्हणून हात छातीशी धरून ठेवणे ही या काळातली सर्वांत महागात पडणारी सवय. खांदा आखडतो आणि मग किरणोपचाराच्या टेबलावर हात डोक्यावर नेऊन झोपताच येत नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडमिट, मनगट आणि कोपर हलवणे, दीर्घ श्वास एवढे सुरू करतात. नळी असेपर्यंत हात बहुधा खांद्याच्या उंचीपर्यंतच नेतात. पुढे भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढत जायची आणि रोज पोचलेल्या जागी पेन्सिलीची खूण करायची. स्वतःच्या हाताने वेणी घालता आली, पदर खांद्यावर घेऊन पिन लावता आली, म्हणजे खांदा बऱ्यापैकी मोकळा झाला. ब्रिटनमधल्या प्रॉस्पर चाचणीत (२०२१) खांद्याचा त्रास होण्याची शक्यता अधिक असलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ठरवून व्यायाम दिला, तेव्हा वर्षभराने त्यांचा हात नेहमीची काळजी घेतलेल्या स्त्रियांपेक्षा चांगला चालत होता.

सूज ओळखणे : डॉक्टरांच्या आधी ब्लाउज सांगतो. एका बाहीचा काठ दंडात रुततो, काढल्यावर वळ राहतो. बांगड्या एका हातात सहज जातात, दुसऱ्या हातात साबण लावूनही चढत नाहीत. त्याआधी काही दिवस हात नुसता जड वाटतो, दिसत मात्र काही नाही. उपचाराला सर्वांत उत्तम वेळ हीच. शिंप्याच्या टेपने मनगट, कोपराच्या खाली-वर ठरावीक अंतरावर दोन्ही हात मोजून वहीत लिहावे. शस्त्रक्रियेपूर्वीचे माप असेल तर फारच चांगले, कारण उजवखोरीचा उजवा हात मुळातच किंचित जाड असतो. एखाद्या ठिकाणी दोन सेंटिमीटरहून अधिक फरक पडला तर दाखवावे. सूज अचानक वाढली, खूप दुखू लागली किंवा हातातली शक्ती गेली, तर रोग काखेत परतला नाही ना किंवा शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे आधी तपासतात.

काय करू नये, याची जुनी यादी लांबलचक आहे : त्या हाताने काही उचलू नका, रक्तदाब मोजू देऊ नका, सुई नको, विमानप्रवास नको. यातल्या पुष्कळ गोष्टी तर्काने आल्या होत्या, मोजून नव्हे. बोस्टनमध्ये शेकडो स्त्रियांचे हात वारंवार मोजून २०१६ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रक्त काढणे, रक्तदाब किंवा विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो त्वचेच्या जंतुसंसर्गाशी आणि वाढलेल्या वजनाशी. दुसरा हात मोकळा असेल तर सुई तिथे टोचावी हे बरेच. पण तातडीच्या वेळी या भीतीपायी उपचार अडवू नये. वजन उचलण्याबाबत तर चित्र पार उलटले. कॅथरीन श्मिट्झ यांच्या २००९ मधल्या चाचणीत हातसूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजने वाढवत नेली. सूज वाढली नाही, उलट ती उफाळून येण्याचे प्रसंग घटले. त्याआधी १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला डॉ. डॉन मॅकेंझी यांनी स्तनकर्करोगातून उठलेल्या चोवीस जणींना ड्रॅगन बोट (अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी) वल्हवायला बसवले होते. त्यांतल्या कुणालाही नव्याने हातसूज आली नाही, आणि आज अशा बोटींचे संघ अनेक देशांत आहेत.

म्हणून घरी 'तू आता कशाला हात लावू नकोस' हे प्रेमाने म्हटले तरी अपाय करते. आणि नळी निघताच तिच्या हाती भरलेला हंडा देणेही तितकेच वाईट. भाकरी थापावी, पीठ मळावे, पण एकदम दहा जणांचे नव्हे. गोधड्या पिळणे काही काळ दुसऱ्यावर सोपवावे. हात दुखायला किंवा जड व्हायला लागला की थांबावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे कमी करावे.

खरी जपणूक त्वचेची. विळीवर कापणे, कुकरच्या वाफेने भाजणे, फुटलेल्या काचेच्या बांगडीची चीर, कापूस वेचताना बोंडाचे टोक लागणे, भातलावणीत चिखलात भेगाळलेली बोटे : एवढ्याशा वाटेने जंतू शिरतात आणि लसीका तुंबलेल्या हातात भराभर पसरतात. हात लाल, गरम, दुखरा होतो, थंडी वाजून ताप येतो. असे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन प्रतिजैविक सुरू करावे. हळदीचा लेप लावून वाट पाहू नये. शेतात आणि भांडी घासताना हातमोजे, आंघोळीनंतर साधे खोबरेल किंवा मलम, नखांजवळची साल न ओढणे, एवढे पुरते.

उपचार : सूज उतरवण्याच्या पद्धतीचे दोन टप्पे असतात. पहिल्यात दोन ते चार आठवडे रोज अगदी हलक्या हाताने मालिश, त्यावर कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे अनेक थर, आणि पट्टी बांधलेली असतानाच व्यायाम. ही मालिश १९३०च्या दशकात डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने विकसित केली. तीत केवळ त्वचा सरकवतात. तेल लावून जोरजोरात रगडणे हे तिच्या अगदी विरुद्ध, आणि सुजलेल्या हाताला ते टाळलेच पाहिजे. औषधाच्या दुकानातली साधी क्रेप पट्टीही या कामाची नव्हे. ती फार ताणली जाते. दुसऱ्या टप्प्यात मापाची दाबबाही (हातावर दाब देणारी घट्ट, लवचिक बाही) सकाळी चढवायची, रात्री काढायची. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरच्या उन्हात ती दिवसभर घालणे किती कठीण आहे, हे वातानुकूलित खोलीतून सल्ला देणाऱ्याने ध्यानात घ्यावे. दोन बाह्या आलटून पालटून वापरणे, रोज धुऊन न पिळता सावलीत वाळवणे आणि घामोळे आल्यास काही तास विश्रांती देणे, हा व्यवहारी मार्ग. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो, मग नवी घ्यावी लागते. चुकीच्या मापाची बाही वर काचते आणि सूज बोटांत उतरवते. तेव्हा पंजाही झाकणारी घ्यावी.

हाताशिवाय बाकीचेही सोबत असते. काही केमो औषधांनंतर बोटांत मुंग्या येतात, तर हार्मोन रोखणाऱ्या काही गोळ्यांनी, ज्या पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात, सांधे धरतात आणि हाडे विरळ होतात. स्तन काढलेल्या बाजूला सिलिकॉनचा किंवा सुती विणलेला कृत्रिम स्तन वापरतात; सिलिकॉनचा जड असेल तर ब्राचा पट्टा रुंद असावा, नाहीतर तो खांद्यात रुततो.

शस्त्रक्रियेचा पर्याय निवडक रुग्णांपुरता आहे. सूज कोवळी असताना बारीक लसीकावाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिरांना जोडतात किंवा शरीराच्या दुसऱ्या भागातल्या ग्रंथी आणून बसवतात. हात टणक होऊन मेद साचला असेल तर तो नळीने शोषून काढता येतो. स्वीडनमधल्या माल्मो इथे हाकन ब्रोर्सन यांनी ही पद्धत रुजवली. तिने हात जवळपास मूळ मापावर येतो, पण त्यानंतर दाबबाही रात्रंदिवस आणि कायमची वापरावी लागते.