पार्श्वभूमी : इंग्रजी वाक्प्रचारांतली शिडं आणि दोर

'टेकन अबॅक' म्हणजे चकित होणे, 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत, 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे झिंगलेला. रत्नागिरी-मालवणची पोरं ही यादी गाइडातून घोकतात. यातला प्रत्येक वाक्प्रचार शिडाच्या जहाजावरून आलेला आहे, याचा त्या यादीत मागमूसही नसतो.

वारा अवचित समोरून आला आणि शीड उलटं डोलकाठीवर दाबलं गेलं की जहाज जागच्या जागी अडतं, ते 'अबॅक'. वाऱ्याच्या तोंडाला जमेल तितकं धरून जाणं 'बाय', मागचा वारा घेऊन मोकळं जाणं 'लार्ज'. १६६९च्या एका नौकानयनाच्या ग्रंथात ही जोडी सापडते. 'शीट' मात्र फसवं. ते शीड नव्हेच. शिडाचं खालचं टोक आवरून धरणारा तो दोर. तो सुटला की शीड फडफडतं आणि जहाज झोकांड्या खातं.

खरा वाद आहे तो 'टू द बिटर एंड', म्हणजे अगदी शेवटपर्यंत, याच्या उगमाचा. जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, डेकवर भक्कम खुंट असतात, त्यांना 'बिट्स' म्हणतात. नांगराच्या दोरखंडाला त्यांचाच आधार. १६२७ साली एका इंग्रज कप्तानाने खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात दोरखंडाच्या जहाजावर राहणाऱ्या भागाला 'बिटर्स एंड' म्हटलं आहे. नांगर सोडत सोडत तिथवर आलात की पुढे सोडायला दोरच नाही. दुसरा पक्ष १६११च्या इंग्रजी बायबलकडे बोट दाखवतो. त्यातल्या नीतिसूत्रांत परस्त्रीचा शेवट दवण्यासारखा कडू, म्हणजे 'बिटर', सांगितला आहे. या पक्षाचं म्हणणं असं की आजच्या अर्थाने हा वाक्प्रचार १९व्या शतकात रुळला, मग दोनशे वर्षं दोर होता कुठे? पण तीच दोनशे वर्षं बायबललाही मोजावी लागतात. शिवाय अर्थ आहे 'काहीही होवो, शेवटपर्यंत'. त्यात शेवट कडूच असला पाहिजे असं काही नाही. दोन्ही धागे पुढे एकात एक मिसळले असतील, तरी पारडं दोराकडेच झुकतं.

कोकण किनाऱ्यावरचं बाणकोट इंग्रजांकडे गेलं १७५६मध्ये, म्हणजे त्यांची शिडाची जहाजं या किनाऱ्याने जवळून पाहिली. भाषा मात्र नंतर आली, तीही बंदरातून नव्हे, शाळेतून. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात इंग्रजीची सुरुवात आठवीपर्यंत पुढे ढकलली गेली. २०००पासून ते मराठी शाळांत थेट पहिलीला आलं आणि त्यावरून बरीच खडाजंगी झाली. आठवी की पहिली यावर सगळे भांडले. शिकवायचं कसं, याकडे फारसं कुणी वळलं नाही. दरम्यान होड्यांना इंजिनं बसली, शिडं उतरली. नांगर, दोर, सुकाणू हे शब्द मात्र हर्णै बंदरातल्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, घरात आजही रोजचेच.

'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' या प्रश्नात उगमाला गुण नसतात. गाइडवाल्यांनी तो गाळला, हे त्यांच्या हिशेबाने बरोबरच.