फळांच्या चोथ्याचा मुरघास: खड्ड्यातून ड्रायरकडे आणि पुन्हा खड्ड्याकडे

मुरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद करून मुरवलेला ओला चारा, म्हटलं की डोळ्यांपुढे मक्याची कुट्टी येते. त्यामुळे संत्र्याची साल किंवा सफरचंदाचा चोथा मुरवून जनावरांना घालणं हा अलीकडचा प्रयोग वाटतो. जुन्या नोंदी पाहिल्या तर क्रम उलटा निघतो. रोमन मुत्सद्दी केटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात द्राक्षं गाळून उरलेल्या चोथ्याबद्दल नेमकी सूचना आहे. ताजा चोथा रोज चाळायचा, आतून राळ चोपडलेल्या रांजणात तुडवून भरायचा, तोंड नीट लिंपून घ्यायचं आणि हिवाळ्यात तो बैलांना घालायचा. तुडवून हवा काढणं आणि तोंड बंद करणं, मुरघासाचं मर्म यातच आहे. मका तर तेव्हा युरोपला माहीतही नव्हता.

एकोणिसाव्या शतकातही असंच घडलं. स्टुटगार्टचे साखर कारखानदार अडॉल्फ रायलेन १८६० च्या दशकात बिटाचा पाला आणि चोथा खड्ड्यात दाबून ठेवत. तीच रीत त्यांनी हिरव्या मक्याला लावली. पुढे फ्रान्समध्ये ऑगस्त गोफार यांनी मक्याच्या मुरघासाचे प्रयोग करून १८७७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि ही पद्धत अमेरिकेपर्यंत पोहोचली. म्हणून चोथ्याच्या मुरघासाला कुणी ‘मक्याला पर्याय’ म्हटलं की मला ते खटकतं. चोथा आधीपासून होता.

चारा खड्ड्यात का टिकतो, याचा उलगडा सावकाश झाला. हवा तुटली की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू साखरेचं आम्ल करतात, सामू (पीएच, जो आंबटपणा वाढला की उतरतो) चारच्या आसपास येतो आणि सडवणारे जिवाणू थांबतात. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी वाट न पाहता चाऱ्यावर थेट पातळ केलेलं खनिज आम्ल टाकून सामू चारच्या खाली आणण्याची पद्धत बसवली. त्यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. संत्र्याची साल आणि सफरचंदाचा चोथा मुळातच आंबट असतो. विर्तानेन यांना जे आम्ल बाहेरून घालावं लागलं, त्यातलं बरंचसं इथे आयतं मिळतं.

अडचण आहे ती पाण्याची. चांगल्या मुरघासाला शंभर किलोमागे तीस-पस्तीस किलो शुष्क पदार्थ लागतो, रस काढलेल्या संत्र्याच्या सालीत तो जेमतेम वीस किलो असतो. खड्डा भरताच तळातून पाणी झिरपू लागतं, त्याबरोबर विरघळलेली साखर जाते, आणि ते पाणी ओढ्यात उतरलं तर त्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. दुसरा शत्रू यीस्ट. साखर भरपूर आणि आंबटपणाची त्याला भीती नाही, त्यामुळे बंद खड्ड्यात ते साखरेचा अल्कोहोल करतं आणि खड्डा उघडला की हवेवर जोमाने वाढतं. अशा खड्ड्याच्या उघड्या तोंडाशी हात घातला तर आत ऊब लागते, वास दारूसारखा येतो आणि थोड्याच दिवसांत वर पांढरी बुरशी धरते.

रसाचे कारखाने मोठे झाले तसा हा ओला माल त्यांच्या दारात साचू लागला. संत्र्याचं जवळपास निम्मं वजन साल, गर आणि बियांच्या रूपात मागे उरतं. फ्लोरिडात १९३० च्या दशकात साल वाळवणं सुरू झालं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गोठवलेल्या रसाचा धंदा फोफावल्यावर त्याला मोठंच रूप आलं. वाळवण्याआधीची एक पायरी मला फार आवडते. ताजी साल कितीही दाबा, ती बुळबुळीत राहते आणि पाणी सोडत नाही, कारण पेक्टिन हा सालीतला चिकट पदार्थ ते धरून ठेवतो. तिच्यात अगदी थोडा चुना मिसळला की पेक्टिनची पकड सुटते, आणि काही मिनिटांतच तीच साल दाबाखाली पाणी सोडू लागते. निघालेलं गोड पाणी आटवून त्याची काकवीसारखी दाट मळी करतात, तीही पशुखाद्यात जाते. पुढे ब्राझीलमधून अशा वाळवलेल्या सालीच्या गोळ्या युरोपातल्या गोठ्यांपर्यंत जाऊ लागल्या.

पण पाणी उडवायला इंधन लागतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर वाळवणं महागलं, आणि कारखान्याजवळच्या गोठ्यांसाठी ओला चोथा मुरवण्याकडे संशोधक पुन्हा वळले. १९९८ मध्ये आणखी एक धक्का बसला. जर्मनीत दुधातलं डायॉक्सिन हे विषारी रसायन वाढलेलं आढळलं. माग काढता तो ब्राझीलच्या गोळ्यांपर्यंत आणि तिथून त्यांत वापरलेल्या दूषित चुन्यापर्यंत गेला. फळांचा काहीच दोष नव्हता. तेव्हापासून चोथ्याइतकीच, त्यात काय मिसळलं याचीही तपासणी काटेकोर झाली, आणि ती व्हायलाच हवी.

चोथ्यात प्रथिनं कमी, हे दुसरं दुखणं. ती उणीव युरियाने भरून काढायचा मार्ग सोपा वाटला. अमेरिकेत गाभण गायींना सफरचंदाच्या चोथ्याबरोबर युरियासारखा प्रथिनेतर नत्र (प्रथिनांऐवजी इतर संयुगांतून मिळणारा नायट्रोजन) दिला, तेव्हा मेलेली, अशक्त आणि व्यंग असलेली वासरं जन्मली. हे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. गाभण जनावरांसाठी असं मिश्रण करण्याचा मोह कुणाला झाला, तर त्याने हे आधी वाचावं. पेंडीसारख्या खऱ्या प्रथिनांची जोड देणं खर्चिक असलं तरी सुरक्षित आहे. द्राक्षाच्या चोथ्यात तर टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनांना बांधून ठेवतं, त्यामुळे त्याचं प्रमाण आवरतंच घ्यावं लागतं.

आजचा सर्वांत भक्कम मार्ग जपानमध्ये रुळला. तिथे २००१ मध्ये अन्नकचऱ्याच्या पुनर्वापराचा कायदा लागू झाला, तेव्हा ओले उपपदार्थ खाद्यात आणण्याला बळ मिळालं. तिथली रीत अशी की चोथा एकटा मुरवायचा नाही. कोरडी वैरण, धान्य, पेंड आणि खनिजं मिसळून जनावराचा पूर्ण आहारच हवाबंद करायचा. कोरडी वैरण सुटणारं पाणी पिऊन घेते, त्यामुळे साखर वाया जात नाही. शिवाय हे मिश्रण उघडल्यावर, त्यात यीस्ट असूनही, सहसा लवकर तापत नाही. किती ओल्याला किती कोरडं, हे मात्र प्रत्येक चोथ्याचा ओलावा मोजूनच ठरवावं लागतं.