फोकस चुकवून अंतर मोजणारा कोळी

कोळ्याचा जवळून काढलेला बरा फोटो पाहिलात तर पुढचे दोन मोठे डोळे लख्ख दिसतात, डोळ्यांभोवतीचा केसन् केस सुटा दिसतो, पण पोट आणि मागचे पाय धुक्यात गेलेले असतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे मुद्दाम केलंय. खरं तर तो धूसरपणा फोटो काढणाऱ्याच्या मानगुटीवर बसलेला असतो आणि त्याचं सगळं तंत्र त्याच्याशी झगडण्यात जातं.

नेहमीच्या फोटोत उभा माणूस शंभरेक पटींनी लहान होऊन सेन्सरवर बसतो. मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोचं, प्रमाण १:१, म्हणजे सहा मिलिमीटरचा कोळी सेन्सरवरही सहा मिलिमीटरचाच पडतो. वस्तू अशी मोठी करायला गेलं की फोकसची खोली झपाट्याने आटते. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १:१ ला ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं छिद्र, एफ/२.८ ठेवलं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक) तर पुढून मागे जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर स्पष्ट येतं. एफ/८ ला ही खोली एक मिलिमीटरच्या किंचित आत राहते. त्याच एफ/८ ला मोठेपणा दुप्पट केला, तर ती ०.३६ मिलिमीटरवर येते. कोळ्याच्या डोळ्यापासून पहिल्या पायाच्या सांध्यापर्यंतचं अंतरही यात मावत नाही.

मग ॲपर्चर आणखी बारीक का करू नये? करता येतं, पण दोन्हीकडून मार बसतो. १:१ ला प्रतिमा भिंगापासून दूर पडते, त्यामुळे एफ/१६ चं छिद्र प्रत्यक्षात एफ/३२ सारखं वागतं आणि सेन्सरपर्यंत येणारा प्रकाश चौथाईवर येतो. शिवाय इतक्या अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश स्वतःच पसरतो. एका बिंदूची सुमारे ०.०४३ मिलिमीटरची चकती होते, तर चोवीस मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा असतो. खोली मिळते खरी, पण सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून बरेच जण एफ/८ ते एफ/११ च्या आसपास तडजोड करून थांबतात.

या तडजोडीला फ्लॅश लागतोच. १:१ ला हात अर्धा मिलिमीटर सरकला तर सेन्सरवरची प्रतिमाही अर्धा मिलिमीटर सरकते, म्हणजे ऐंशीहून जास्त पिक्सेल. शटर १/२०० सेकंदावर ठेवून हे थांबत नाही. फ्लॅशचं गणित वेगळं आहे. छोटा बाहेरचा फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण सेकंदाचा हजारावा भाग पेटतो. ताकद १/३२ वर आणली की झोत दहा हजाराव्या भागाच्याही आत संपतो. शटर १/२०० सेकंद उघडं असलं तरी फोटोत उमटतं ते एवढ्याच क्षणातलं, कारण बाकीच्या वेळात बारीक छिद्रातून येणारा उजेड नगण्य असतो. हात थरथरो, वाऱ्याने पान हलो, कोळी तोंड पुसो, सगळं जागच्या जागी थिजतं.

त्याची किंमत म्हणजे ती काळीकुट्ट पार्श्वभूमी. फ्लॅशपासून कोळी दहा सेंटीमीटरवर आणि मागची मेंदी एक मीटरवर असेल, तर मेंदीला कोळ्याच्या शंभराव्या भागाएवढाच उजेड मिळतो. भर दुपारी काढलेला फोटो मध्यरात्रीचा वाटतो. काहींना हे नाट्य आवडतं. मला ते आळशीपणाचं वाटतं, कारण कोळ्यामागे अगदी जवळ एखादं पान आलं तरी हिरवा रंग परत येतो. उघड्या फ्लॅशचा दुसरा दोष चकाकणाऱ्या अंगावर दिसतो. ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा जळका ठिपका उमटतो आणि तिथला रंग कायमचा जातो. त्यावर उपाय म्हणजे उजेडाचा उगम किड्याच्या मानाने मोठा करणं. चिवड्याचा रिकामा डबा आतून फॉइल लावून, तोंडाला बटर पेपर ताणून फ्लॅशवर चढवला तर दुकानातल्या महागड्या डिफ्यूझरएवढंच काम होतं. बडोद्यात अशा डब्यांचा तुटवडा पडण्याची भीती नाही.

जागेचाही नाही. कमाटीबागेत लोक संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा बघायला रांग लावतात. १८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी वसवलेल्या याच बागेत कुंपणाच्या झुडपांकडे मात्र कोणी वळत नाही. पावसाळा सरता सरता, नवरात्राच्या आगेमागे, एखाद्या फांदीवर खंडोबाचा किडा (मँटिस) सापडला तर त्याच्या डोळ्यात डोळा घालून बघा. हिरव्या डोळ्यात एक काळा ठिपका असतो आणि तुम्ही डावीकडे सरकलात की तोही सरकतो. ती बाहुली नव्हे. हा डोळा बारीक बारीक नळ्यांचा बनलेला असतो. त्यातल्या ज्या नळ्या नेमक्या तुमच्या दिशेला रोखलेल्या असतात, त्या आपल्यावर पडलेला प्रकाश शोषून घेतात, म्हणून तुम्हाला काळ्या दिसतात.

खरी गंमत मात्र बागेत जाण्याआधी घरातच असते. आमच्या वाडीतल्या शेजारच्या काकू दिवाळीआधी झाडू घेऊन भिंतींवर तुटून पडतात.

"काकू, हा राहू द्या, हा जाळं विणत नाही."

"मग खातो काय रे?"

"माश्या. उडी मारून."

"मग राहू दे मेल्याला," म्हणून काकू पुढच्या कोपऱ्याकडे वळतात.

हा उडी मारणारा कोळी. भिंतीवर थांबत थांबत चालतो आणि कॅमेरा जवळ नेला की पळण्याऐवजी वळून भिंगात बघतो. त्याला आठ डोळे असतात. कडेचे डोळे हालचाल टिपतात आणि समोरचे दोन मोठे डोळे ती वस्तू काय आहे ते ठरवतात. या मोठ्या डोळ्यांची भिंगं डोक्याच्या कवचात पक्की बसवलेली, ती हलत नाहीत. मागे लांब नळी आणि नळीच्या टोकाला डोळ्याचा पडदा असतो. सहा स्नायू ही नळी आतल्या आत फिरवतात. कोळी अंगाने स्थिर असतानाही काही जातींत मोठ्या डोळ्याचा रंग काळ्याचा मधाळ होतो, तेव्हा त्याने नळी दुसरीकडे वळवलेली असते. डोळा काळा असताना बटण दाबा, तेव्हा तो तुमच्याकडेच बघत असतो.

आता भिंग हलत नाही, तर त्याला फोकस करता येत नाही. मोठ्या डोळ्यांचा दृष्टिपट्टाही इतका अरुंद की दोन डोळ्यांची दृश्यं ताडून अंतर काढायची आपली रीत त्याला जमणारी नाही. तरी माशीवरची उडी अचूक पडते.

ओसाका सिटी युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सायन्स या नियतकालिकात याचं उत्तर मांडलं. त्यांचा कोळी होता हॅसॅरियस ॲडन्सोनी, उष्ण प्रदेशांत घरोघरी आढळणारा. त्याच्या मोठ्या डोळ्याचा पडदा एकावर एक अशा चार थरांचा असतो. सगळ्यात खोल थर आणि त्याच्या पुढचा थर, या दोन्हींत हिरवा प्रकाश टिपणारं रंगद्रव्य सापडलं. पण भिंग हिरवा प्रकाश एकवटतं ते फक्त सगळ्यात खोल थरावर. म्हणजे पुढच्या थरावर हिरवं चित्र सदा धूसरच पडणार. वस्तू जितकी जवळ, तितका हा धूसरपणा जास्त. दोन थरांवरच्या चित्रांच्या स्पष्टतेतला फरक घेतला की अंतर हाती येतं. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड नेमकं उलटं करतो, आधी अंतर मोजतो आणि मग धूसरपणा रंगवतो.

पुरावा उड्यांनीच दिला. हिरव्या उजेडात कोळी बरोबर सावजावर पडत. लाल उजेडात ते वारंवार अलीकडेच उतरत. लाल प्रकाश भिंगातून कमी वाकतो, त्याचं चित्र आणखी मागे एकवटतं, पुढच्या थरावरचा धूसरपणा वाढतो आणि कोळ्याला सावज आहे त्याहून जवळ वाटतं. वेगवेगळे रंग वेगवेगळ्या जागी एकवटण्याचा भिंगाचा हा दोष काढून टाकायला कॅमेऱ्याच्या कंपन्या महागडी काच वापरतात. कोळ्याची उडी त्याच दोषाच्या हिशेबावर बेतलेली आहे.

ही माहिती वाचल्यापासून फोकस स्टॅकिंगबद्दलचं माझं मत आणखी वाईट झालं आहे. किंचित पुढेमागे फोकस सरकवत काढलेले अनेक फोटो संगणकावर जोडले की नखशिखान्त स्पष्ट कोळी मिळतो. शास्त्रीय नोंदीसाठी ते उपयोगी आहे, पण जिवंत कोळी इतका वेळ एका जागी बसत नाही. म्हणून काही जण त्याला आधी फ्रिजमध्ये थंड करतात, आणि मग टाचणीला टोचलेल्या नमुन्यासारखा फोटो निघतो. त्यापेक्षा थंडीतल्या पहाटे उठावं. गारव्याने किडे आपणच सुस्त असतात. फोकसची रिंग १:१ वर सोडून द्यावी, डाव्या हातात पान धरून भिंग त्याच हातावर टेकवावं आणि श्वासाबरोबर अंग किंचित पुढे नेत डोळे स्पष्ट झाले की बटण दाबावं. पाय धूसर राहिले तर राहू द्यावेत.

इंजिनियर लोकांनी तर तो धूसरपणा मुद्दाम घडवला. हार्वर्डमधल्या गटाने २०१९ मध्ये तीन मिलिमीटर रुंदीचं एक सपाट भिंग बनवलं. एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या प्रमाणात धूसर अशा दोन प्रतिमा ते शेजारी-शेजारी पाडतं आणि त्यांच्यातल्या फरकावरून अंतर काढलं जातं. छोट्या रोबोंना जागेचा अंदाज देणं हा त्याचा एक उपयोग सुचवलेला आहे. त्यातही हलणारा भाग एकही नाही.