शी-सिक सेलर्स

शी-सिक सेलर्स : पॉपाय या खलाशी नायकाचा एक अमेरिकन कार्टूनपट. न्यूयॉर्कच्या फेमस स्टुडिओजने तो पॅरामाउंट कंपनीसाठी बनवला आणि डिसेंबर १९४४ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. दिग्दर्शन सीमोर नाइटेल यांचे. चित्रपट टेक्निकलर या रंगीत पद्धतीचा असून त्याची लांबी जेमतेम सहा-सात मिनिटांची आहे. एका मुलीवरून दोघांची जुंपलेली, त्यातला एक भलत्याच माणसाचे सोंग घेऊन आलेला आणि शेवट हाणामारीत, असा पॉपायपटांचा घासूनपुसून गुळगुळीत झालेला मसाला इथेही आहे. फरक सोंगाच्या निवडीत आहे. प्रतिस्पर्धी ब्लूटो इथे चक्क सुपरमॅन होऊन येतो.

कथानक दोन ओळींत सांगता येते. पॉपायची प्रेयसी ऑलिव्ह ऑइल सुपरमॅनच्या कॉमिकमध्ये इतकी रंगली आहे की दारात आलेल्या पॉपायकडे तिचे लक्षच नाही. ब्लूटोच्या हे ध्यानात येते. तो दाढी सफाचट करतो, निळा अंगरखा आणि लाल झूल चढवतो आणि सुपरमॅन म्हणून तिच्यापुढे उभा राहतो. ऑलिव्ह लगेच भाळते. मग शक्तिप्रदर्शनाची चढाओढ लागते, ती थेट बंदुकीपर्यंत जाते. ब्लूटो पॉपायवर गोळ्या झाडतो आणि पॉपाय कोसळतो. गोळ्या मात्र सदऱ्यात ठेवलेल्या पालकाच्या डब्यावर आदळलेल्या असतात. डबा उघडतो, पालक पोटात जातो, आणि पुढच्या क्षणी सुपरमॅनच्या थाटात उडणारा गडी ब्लूटो नसून पॉपाय असतो.

हा डब्याचा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. एरवी पालक बळ देतो. इथे त्याचा पत्रा आधी ढाल होतो आणि मग आतला माल औषध होतो. सुपरमॅन गोळ्यांना दाद देत नाही हे त्या वेळच्या पोराटोरांनाही पाठ होते. पॉपायच्या अंगात ती विद्या नाही, त्याच्याकडे फक्त डबा आहे. दोन नायकांमधला फरक एकाही संवादाशिवाय, नुसत्या एका वस्तूतून दाखवण्याची ही करामत सबंध चित्रपटातली सर्वांत हुशार जागा म्हणावी लागेल. बाकीची चढाओढ तशी ठरीव आहे.

या विनोदाची खरी गोम मात्र पडद्यामागे आहे. पॉपाय आणि सुपरमॅन हे दोघेही एकाच घरचे. मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांच्या स्टुडिओने १९३३ मध्ये बेटी बूप या आपल्या कार्टून-नायिकेच्या एका कार्टूनपटातून पॉपायला पडद्यावर आणले. त्याच स्टुडिओने सप्टेंबर १९४१ मध्ये सुपरमॅनची मालिका सुरू केली आणि तिच्या पहिल्याच भागाला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुढल्या वर्षी पॅरामाउंटने फ्लायशर बंधूंना बाजूला सारून स्टुडिओ ताब्यात घेतला आणि त्याचे नाव फेमस स्टुडिओज ठेवले. नाइटेल हे मॅक्स फ्लायशर यांचे जावई. सासरे गेले, जावई राहिले. सुपरमॅनचे एकूण १७ भाग निघाले, त्यांतले शेवटचे ८ फेमसचे, आणि १९४३ मध्ये ही मालिका बंद झाली. म्हणजे ‘शी-सिक सेलर्स’ बनत होता तेव्हा त्याच मंडळींनी सुपरमॅनची चित्रे काढून थोडाच काळ लोटला होता. उसनी झूल आणायला त्यांना बाहेर जावे लागले नाही.

आवाजातही असाच योग जुळून आला. ब्लूटोचा आवाज १९४४ पासून जॅक्सन बेक यांचा. हेच बेक त्या काळात रेडिओवरच्या सुपरमॅन मालिकेचे निवेदक होते. म्हणजे घरी रेडिओवर सुपरमॅनचे पराक्रम ज्या गळ्यातून ऐकायचे, तोच गळा थिएटरात तोतया सुपरमॅनला! किती प्रेक्षकांनी हे ओळखले असेल ते सोडा, स्टुडिओतल्या लोकांना मात्र गंमत नक्कीच कळत असणार. ऑलिव्हला आवाज देणाऱ्या मे क्वेस्टेल याही नुकत्याच परतल्या होत्या. १९३८ मध्ये स्टुडिओ मायामीला हलला तेव्हा त्या न्यूयॉर्कमध्येच थांबल्या आणि मार्जी हाइन्स यांनी ते काम सांभाळले. स्टुडिओ पुन्हा न्यूयॉर्कला आल्यावर क्वेस्टेल यांची ऑलिव्ह परत आली.

वयाचा हिशेबही लक्षात घेण्यासारखा आहे. ई. सी. सीगर यांच्या ‘थिंबल थिएटर’ या वृत्तपत्रीय चित्रमालिकेत पॉपाय पहिल्यांदा दिसला तो १७ जानेवारी १९२९ रोजी. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन छापून आला १९३८ मध्ये. अचाट ताकदीचा, मार खाऊनही न मोडणारा नायक वाचकांनी आधी पाहिला तो एका डोळ्याने आंधळ्या, तोंडात पाइप धरलेल्या, अशुद्ध बोलणाऱ्या खलाशाच्या रूपात. नंतर आलेल्या देखण्या नायकाने मैदान मारले. ऑलिव्हच्या हातातले ते कॉमिक म्हणजे या बदललेल्या हवेचीच खूण. शेवटी पॉपाय जिंकतो खरा, पण त्यासाठी त्यालाही नव्या नायकाचाच थाट उचलावा लागतो, आणि एवढ्यापुरता हा विजय जरा लंगडाच आहे.

प्रेमातला तिसरा माणूस ही गोष्ट पॉपायच्या जन्माआधीपासूनची. ‘थिंबल थिएटर’ १९१९ मध्ये सुरू झाले तेव्हा ऑलिव्हचा प्रियकर हॅम ग्रेव्ही नावाचा गृहस्थ होता. पॉपाय आला तो एका सफरीपुरता भाड्याने घेतलेला खलाशी म्हणून; वाचकांनी त्याला असे उचलून धरले की बिचारा हॅम ग्रेव्ही मालिकेतूनच हद्दपार झाला. ब्लूटो तर १९३२ मधल्या एकाच कथेपुरता खलनायक होता. त्याला कायमचा प्रतिस्पर्धी केले फ्लायशर स्टुडिओने, कारण पडद्यावर दर खेपेला नवा शत्रू आणि नवे भांडण रचायला वेळ नसे. तीन पात्रे आणि एक भांडण हाताशी असले की उरते फक्त निमित्त शोधायचे.

सोंग हे त्या निमित्तांपैकी सर्वांत फलदायी. १९३६ च्या ‘होल्ड द वायर’मध्ये ब्लूटो टेलिफोनच्या खांबावर चढून तारेत घुसतो आणि पॉपायच्या आवाजात ऑलिव्हचा अपमान करतो, इथे वेष नाही, नुसता आवाज चोरलेला. १९३९ च्या ‘हॅलो हाउ ॲम आय’मध्ये पॉपायचे कपडे घालून येतो तो खादाड विम्पी, आणि त्याचा डोळा ऑलिव्हवर नसून तिच्या हातच्या हॅम्बर्गरवर असतो. १९५६ च्या ‘पार्ले व्हू वू’मध्ये ब्लूटो स्त्रियांना वेड लावणाऱ्या एका परदेशी प्रियकराच्या रूपात येतो. ब्लूटोच्या सोंगांत त्याचे एक दुखणे सारखे दिसते. मनगटात जोर आहे, पण ऑलिव्हने वळून पाहावे असे त्याच्याकडे काही नाही, म्हणून तो ते दुसऱ्याकडून उसने आणतो. दाढी काढल्यावर तो सुपरमॅन म्हणून खपतो, याचा अर्थ शरीरयष्टी पहिल्यापासून तशीच होती. अडचण चेहऱ्याची आणि वागणुकीची.

ऑलिव्हची बाजू मात्र या चित्रपटांत दुबळी राहते. ती भाळते, किंचाळते, आणि जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडते. पुढल्याच वर्षीच्या ‘शेप अहॉय’मध्ये लेखकांनी दोघांचीही जिरवली: पॉपाय आणि ब्लूटो भांडत बसतात आणि ऑलिव्हला घेऊन जातो तो फ्रँक सिनात्राच्या रूपातला किडकिडीत गायक.

१९५० च्या दशकात पॅरामाउंटचे पॉपायपट अमेरिकेत टीव्हीवर दाखवण्यासाठी विकले गेले. नव्या मालकाने सुरुवातीची पॅरामाउंटची नाममुद्रा काढून आपली बसवली, त्यामुळे पुढे अनेक वर्षे प्रेक्षकांनी ते मूळ शीर्षकपट्ट्यांविनाच पाहिले. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये आले आणि मराठी घरांतल्या मुलांना पॉपाय, ऑलिव्ह आणि ब्लूटो हे त्रिकूट मुख्यतः तिथून ओळखीचे झाले. काही भागांत त्याच दाढीवाल्याला ब्रूटस म्हणतात, याचे कोडे अनेकांना पडे. ते भाग १९६० पासून टीव्हीसाठी स्वतंत्रपणे बनवलेले. ब्लूटो या नावावर पॅरामाउंटचा हक्क आहे अशा समजुतीने तिथे नाव बदलले गेले होते. मुळात तो हक्क पॅरामाउंटकडे नव्हताच. वॉर्नरने १९४० च्या दशकातले रंगीत पॉपायपट २०१८ पासून नीट दुरुस्त करून डिस्कवर आणले. ‘शी-सिक सेलर्स’ त्यांच्या पहिल्याच संचात आहे.